पेन्शनरांच्या नगरीतील एक प्रश्न

म्हैसूरला ‘पेन्शनरांचे नंदनवन’ म्हणण्याची चाल जुनी आहे. हवा समशीतोष्ण, रस्ते रुंद, झाडी दाट आणि घाई अशी कोणालाच नाही. अशा नगरीत उभ्या आयुष्याच्या चाकरीनंतर माणसाने लहानसे घर बांधावे, सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्याला फेरी घालावी आणि महिनाअखेर बँकेच्या खात्यावर आपोआप जमा होणाऱ्या रकमेच्या भरवशावर वर्तमानपत्र वाचीत बसावे, ह्यात नवल नाही. नोकरीच्या निमित्ताने जे महाराष्ट्रीय येथे येऊन पडतात, कोणी भाषासंस्थानात, कोणी अन्नसंशोधनाच्या संस्थेत, कोणी रेल्वेत, बँकेत वा आयकर खात्यात, त्यांच्यापैकी कित्येकांना बदलीचा हुकूम हाती पडला तरी गाव सोडवत नाही, ते ह्या निश्चिंतीच्या ओढीनेच. आणि आमची मंडळी चार घटका एकत्र बसली की परदेशी असलेल्या मुलामुलींच्या निमित्ताने एक विषय हटकून निघतो. अमक्या देशात बाळंतपणाची रजा किती, तमक्या देशात नोकरी सुटल्यावर किती महिने पैसे मिळतात, कोठे औषधपाणी फुकट आणि कोठे एका आजाराने घर विकावे लागते, अशी चर्चा रंगते. आणि मग परीक्षेचा निकाल लावावा तशी श्रीमंत राष्ट्रांची क्रमवारी लागते. स्वीडन वरच्या वर्गात, जर्मनी-फ्रान्स दुसऱ्या बाकावर आणि अमेरिका, एवढी धनाढ्य असूनही, अगदी दाराशी.

ही क्रमवारी खोटी नाही. परंतु आम्हांस ती अपुरी वाटते. किती दिले हा प्रश्न हिशेबनिसाचा आहे. कोणत्या नात्याने दिले, हा प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याचे उत्तर देशोदेशी निराळे आहे. ते समजून घ्यावयाचे तर आरंभ परक्यांपासून करण्यापेक्षा स्वतःपासून, म्हणजे सरकारी नोकरापासून केलेला बरा. कारण जगात म्हातारपणाची, आजारपणाची आणि मागे राहणाऱ्या बायकामुलांची हमी जर कोणाला सर्वांच्या आधी मिळाली असेल, तर ती सैनिकाला आणि त्याच्या खालोखाल आम्हां कारकुनांना.

योगायोग असा की ह्या बाबतीत १८९१ हे वर्ष मोठे लक्षणीय आहे. त्या वर्षाच्या १ जानेवारीस जर्मनीत बिस्मार्कचा वार्धक्य-विम्याचा कायदा अमलात आला. मंजूर झाला होता १८८९ साली. आजारपणाचा विमा १८८३ साली आणि अपघाताचा १८८४ साली आलाच होता. सत्तर वर्षे पुरी केलेल्या कामगाराला पेन्शन. त्यासाठी वर्गणी काही त्याची, काही मालकाची, आणि वर राज्याची भर. त्या काळी सत्तरी गाठणारे कामगार थोडेच असत, हे बिस्मार्कच्या टीकाकारांनाही ठाऊक होते आणि त्याच्या खजिनदारालाही असणार. तरी पण साध्या गिरणीकामगाराच्या म्हातारपणाशी राज्याचे काही देणे लागते, हे एका मोठ्या राष्ट्राने कायद्याच्या भाषेत लिहून दिले, ते तेव्हा.

त्याच १८९१ साली चामराजेंद्र वोडेयरांच्या म्हैसूर संस्थानाने आपल्या नोकरांसाठी सरकारी आयुर्विम्याचे खाते उघडले. शेषाद्री अय्यर तेव्हा दिवाण होते. पगारातून हप्ता कापावयाचा आणि नोकर अकाली गेला तर त्याचे कुटुंब उघड्यावर पडू द्यावयाचे नाही, अशी ती योजना. संस्थान गेले, राज्याचे नाव पालटले, पण ते खाते कर्नाटक शासनात आजही चालू आहे आणि राज्याच्या नोकराच्या पगारपत्रकात तो हप्ता आजही दिसतो. एका देशी संस्थानाने हे पाऊल बर्लिनच्या बरोबरीने टाकले, ह्याचा अभिमान म्हैसूरकरांनी अवश्य बाळगावा. मात्र दोहोंतला भेद नजरेआड करू नये. बर्लिनचा कायदा कामगारासाठी होता, म्हैसूरचा कचेरीतल्या नोकरासाठी.

तिसरी गोष्ट मुंबईची. तेथील सरकारी कचेऱ्यांना रविवार होता, गिरणीकामगाराला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभी करून अर्ज, सभा आणि ‘दीनबंधु’ पत्रातले लेख ह्यांचा भडिमार चालविला, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे पुन्हा १८९१ साली, फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंड्यांचे कर्तृत्व आपण सुट्टी मिळविली एवढ्यावर आटोपतो. आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते. साहेबाला आणि त्याच्या कारकुनाला जो रविवार आपोआप मिळत होता, तो त्यांनी जिना उतरून खाली कारखान्यात नेला.

येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. कारकुनाची हमी बहुतेक सर्वत्र आधी आली. फरक पडतो तो पुढे. काही समाजांत ती हमी इतरांसाठी वाट झाली. काहींत तिचा कोट झाला, आत असणारे आत आणि बाहेरचे बाहेर.

ह्या दोन वृत्ती काही आजच्या नव्हेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी जेथे सापडली, ते ग्रंथालय म्हैसूरचेच, आणि स्थापना पुन्हा त्याच १८९१ सालची. तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने आणून दिलेली ताडपत्रे १९०५ च्या सुमारास ग्रंथपाल शामशास्त्री ह्यांनी ओळखली आणि १९०९ साली ग्रंथ छापून काढला. त्यात सेवकांच्या वेतनाचे जे प्रकरण आहे, तेथे कामावर असताना मेलेल्या सेवकाच्या मुलाबायकांना अन्न व वेतन द्यावे अशी आज्ञा आहे. ही चाकरीच्या नात्याची हमी. पण त्याच ग्रंथात, जनपद वसविण्याच्या प्रकरणात, मुले, वृद्ध, आजारी आणि निराधार ह्यांचे पोषण राजाने करावे असेही सांगितले आहे. तेथे त्यांनी राजाची चाकरी केली होती की नाही, हे विचारलेले नाही. म्हणजे एक देणे सेवेबद्दलचे आणि दुसरे केवळ माणूस असण्याबद्दलचे. कौटिल्याला दोन्ही ठाऊक होती, आणि त्या कठोर मुत्सद्द्याने दोन्ही एकाच राज्यात बसविली, ह्याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता श्रीमंत राष्ट्रांकडे वळू. अमेरिकेपासून आरंभ करतो, कारण तेथे आपली मुले अधिक. १९३५ साली रूझवेल्टने सामाजिक सुरक्षिततेचा कायदा आणला, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते. आणि दक्षिणेकडल्या राज्यांत ही दोन्ही कामे मुख्यतः कोण करीत असे हे सांगावयास नको. त्यांना आत येण्यास १९५० चे दशक उजाडावे लागले. औषधोपचाराचा विमा तेथे नोकरीला बांधला गेला, त्याचे कारणही असेच आगंतुक: दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठविली, तेव्हा कारखानदारांनी माणसे टिकविण्यासाठी पगाराऐवजी विमा देऊ केला. युद्ध संपले, रीत राहिली. आज अमेरिकेत बाळंतपणासाठी केंद्रीय कायद्याने हमी आहे ती १९९३ च्या कायद्यातील बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेची, आणि तीही पन्नासांहून कमी माणसे असलेल्या मालकावर बंधनकारक नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपल्यापुरती पगारी रजेची सोय केली आहे हे खरे. परंतु गंमत पुढेच आहे. ऑक्टोबर २०२० पासून केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांना मूल झाल्यावर बारा आठवड्यांची रजा भरपगारी मिळते. ज्या काँग्रेसने हे आपल्या नोकरांसाठी केले, तिने ते दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईसाठी केलेले नाही. ह्याला आम्ही कोट म्हणतो.

कोणी म्हणेल, हा अमेरिकेचा दोष. पण जर्मनीत, म्हणजे जेथे ह्या सर्वांचा उगम झाला तेथेही, एक कोट उभा आहेच. तेथील कायम सरकारी नोकर, ज्यांना बेआम्टे म्हणतात, त्यांची पेन्शन सर्वसाधारण पेन्शनविम्यात येत नाही. ते वर्गणी भरीत नाहीत. आणि चाळीस वर्षांची नोकरी झालेल्याला शेवटच्या पगाराच्या ७१.७५ टक्क्यांपर्यंत पेन्शन मिळते. साध्या कामगाराची पेन्शन त्या मानाने बरीच तोकडी. ह्यावर तेथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे आणि बेआम्टे मंडळींची उत्तरे ऐकली तर आपल्याच खात्यातील कोणी बोलत आहे असे वाटावे: आमचा पगार बाहेरच्या मानाने कमी होता, आम्हांला संप करता येत नाही, आम्ही राज्याशी निष्ठेने बांधलेलो आहोत. युक्तिवाद अगदीच पोकळ नाहीत. तथापि पगार कमी असणारा आणि संप न करू शकणारा माणूस कचेरीच्या बाहेर आढळतच नाही असे थोडेच आहे!

ह्याच्या उलट, कोटाची वाट कशी होते ह्याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे, आणि ते आम्हां बदलीच्या माणसांना विशेष जवळचे वाटेल. १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया ह्या वसाहतींतील सरकारी नोकरांना दीर्घ सेवेनंतर एक लांबलचक रजा मिळू लागली. हेतू हा की जहाजाने इंग्लंडला, आपल्या गावी, जाऊन येता यावे. म्हणजे मूळ सवलत निखळ साहेबी. पण पुढे रेल्वेच्या व कारखान्यांच्या कामगारांनी ती मागितली, १९५० च्या दशकात राज्याराज्यांनी कायदे केले, आणि आज ज्याच्या सात पिढ्यांत कोणी इंग्लंड पाहिले नाही अशा सुतारालाही ती आहे. एवढेच नव्हे, तर बांधकामाच्या धंद्यात मजूर आज ह्या ठेकेदाराकडे, उद्या त्या, म्हणून एक सामाईक निधी केला. ठेकेदार बदलला तरी मजुराची वर्षे मोजली जातात. कारकुनाच्या घरच्या ओढीतून निघालेली रजा गवंड्यापर्यंत पोचली.

हॉलंडने तर नोकरीचे नातेच सोडून दिले. १९५७ सालापासून तेथील मूळ वार्धक्यवेतन किती वर्षे नोकरी केली ह्यावर नव्हे, तर किती वर्षे देशात राहिलात ह्यावर ठरते. दरवर्षी दोन टक्के, आणि पन्नास वर्षे राहिल्यास पुरे. पुण्याहून तेथे गेलेला अभियंता आणि कधीही नोकरी न केलेली त्याची बायको ह्यांचे हे टक्के सारखेच वाढतात. चूल सांभाळणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या नावाची पेन्शन, हे आपल्याकडील कोणत्याही वेतन आयोगाच्या स्वप्नात आलेले नाही. स्वीडनने १९७४ साली आईची रजा ‘आईबापांची’ केली. आज दर मुलामागे दोघांना मिळून ४८० दिवस, त्यांतले नव्वद-नव्वद एकमेकांना देता न येणारे. डेन्मार्कची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे माणसाला कामावरून काढणे मालकाला सोपे आहे, आपल्या कामगारपुढाऱ्यांना धक्का बसावा इतके सोपे. पण काम गेलेल्याला बेकारी निधीतून दोन वर्षांपर्यंत चांगली रक्कम आणि नवे शिक्षण मिळते. हमी माणसाला आहे, खुर्चीला नाही. जपानने उलट खुर्चीला हमी दिली, एकदा कंपनीत शिरला तो निवृत्तीपर्यंत तेथेच, आणि त्याचा परिणाम असा की आज तेथल्या नोकरदारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक त्या कायम खुर्चीच्या बाहेर, कंत्राटी वा अर्धवेळ कामावर आहेत.

खर्चाचा आकडा पाहावा तर फ्रान्स आपल्या सकल उत्पादनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ह्या कामी लावतो आणि अमेरिकाही वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अमेरिका कंजूष आहे असे म्हणून भागत नाही. पैसा आहे, तो वाहतोही. फक्त नोकरीच्या पाटातून वाहतो, आणि पाट संपला की रान कोरडे.

‘पण ती श्रीमंत राष्ट्रे आहेत,’ हा आक्षेप येथे हमखास यावयाचा. इतिहास मात्र ह्या आक्षेपाला फारशी साथ देत नाही. स्वीडनने सर्व नागरिकांसाठी पेन्शनचा कायदा केला १९१३ साली, जेव्हा तेथली माणसे पोटासाठी अमेरिकेची वाट धरीत होती. आणि परक्यांचे कशाला, आपल्या महाराष्ट्राचेच पाहा. १९७२ च्या दुष्काळात, माणसे पाला खाऊन दिवस काढीत असता, रोजगार हमीची योजना राज्यभर पसरली. वि. स. पागे ह्यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरच्या बाजूला १९६५ पासून तिचा प्रयोग केला होता. मागेल त्याला काम, आणि ते देण्याची कायदेशीर जबाबदारी राज्यावर. कायदा झाला १९७७ साली, अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. पुढे २००५ साली देशाने जो कायदा केला, त्याचा पाया हाच. आता ह्या योजनेला पैसा आला कोठून? १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला. पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची जी कपात आपण पाहतो आणि कपाळाला आठी घालतो, तिचे महाराष्ट्रातील मूळ हे आहे. मुंबईच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या कारकुनाने सोलापुरात खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला हातभार लावला, त्याची इच्छा न विचारता आणि बहुधा त्याच्या नकळतही. ह्या दुष्काळी राज्याने जे केले, त्याला आम्ही स्वीडनच्या कायद्यापेक्षा कमी मानणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: हमी दिली की माणूस आळशी होतो. इंग्लंडने १९०८ साली सत्तरीच्या वृद्धांना पेन्शन देऊ केली तेव्हा ज्यांनी ऐपत असून कामाचा कंटाळा केला त्यांना ती मिळू नये, अशी अट कायद्यात होती. हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो. गृहलक्ष्मी योजनेपासून तर फारच. घरातील कर्त्या स्त्रीला दरमहा दोन हजार रुपये देणाऱ्या ह्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसुरातच झाला, आणि पुढील वर्षी महाराष्ट्राने आपल्या बहिणींसाठी दीड हजारांची योजना काढली. अशा योजनांमागे मतांचे राजकारण आहे, ह्याविषयी वाद नको. परंतु ‘फुकटचा पैसा माणसाला बिघडवतो’ हे वाक्य वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढवून घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. पेन्शनच्या खात्रीने सरकारी नोकर आळशी झाला असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, पण ते सहसा पेन्शनर नसतात. केंद्राच्या वृद्धनिवृत्तिवेतनातील साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधारासाठीचा केंद्राचा वाटा अनेक वर्षे दरमहा दोनशे रुपयांवर थांबलेला आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात म्हणून बरे. महागाई काय केवळ आमच्याच घरी येते?

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती कारकुनाला सहज सुचत नाही. आमच्या हमीला एक धनी आहे. त्याच्या दारात जाऊन मागता येते. ज्याला धनीच नाही त्याने कोणाकडे मागावे? १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न हाताळला होता. मातेच्या विश्रांतीत सबंध राष्ट्राचे हित आहे, म्हणून भार खरे तर सरकारने उचलावा. पण स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा तोवर त्यालाही सुटका नाही, असा त्यांचा आशय होता. पुढल्या वर्षी कायदा झाला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर ह्यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सिद्ध केला. त्यातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा निघाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ पासून कानपूर व दिल्ली येथे योजना चालू झाली. हा सारा विचार मात्र कारखान्याच्या भिंतीपर्यंत येऊन थांबतो.

भिंतीबाहेर काय करावे, ह्याचे एक उत्तर पुन्हा महाराष्ट्रानेच दिले. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणारा हमाल दिवसात दहा दुकानांची कामे करतो. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात हमालांना संघटित केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. दुकानदाराने मजुरी मंडळात भरावयाची, तिच्यावर ठराविक लेव्ही भरावयाची, आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी द्यावयाचे. धनी एक नसेल तर साऱ्या बाजाराला धनी ठरवावे, ही कल्पना आम्हांस विलक्षण सुंदर वाटते. कर्नाटकाने २०२५ साली घरोघर जेवण आणि सामान पोचविणाऱ्या मुलांसाठी जो कायदा केला, व्यवहारातील मोबदल्याच्या एक ते पाच टक्के रक्कम कल्याणनिधीत टाकावयाची असा, त्यात आम्हांस मस्जिद बंदरच्या हमालाची सावली दिसते. उलट विडीकामगारांच्या कल्याणनिधीची कथा. निपाणीची मराठी बाई घरी बसून विड्या वळते, तशीच म्हैसूरची कन्नड बाई घरी बसून उदबत्त्या. विडीवर उपकर बसवून १९७६ च्या कायद्याने इस्पितळे, शिष्यवृत्त्या चालविल्या. २०१७ साली करांची नवी घडी बसविताना तो उपकर गेला. उदबत्तीवालीला तर तेवढेही नव्हते. तिच्या मालाची कीर्ती मात्र देशोदेशी, आणि ‘म्हैसूर’ हे नाव त्यावर कायद्याने राखून ठेवलेले.

आता आमच्याच घराकडे येतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा ह्यांच्या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांचे पीठ होते आणि निकालपत्र न्या. देसाई ह्यांनी लिहिले. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे, हे त्यात ठासून सांगितले. म्हणूनच पेन्शनर मंडळी तो दिवस साजरा करतात. पण त्या निकालात पेन्शनची कारणे एकाहून अधिक दिली आहेत. एक, झालेल्या सेवेचा मोबदला. दुसरे, उतारवयात माणसाला मानाने जगता यावे हा सामाजिक न्याय. पहिले कारण आमचे एकट्याचे आहे. दुसरे आमचे एकट्याचे कसे असेल? उतारवय देवराज मार्केटात मोगरा विकणाऱ्या म्हातारीलाही येतेच. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली तेव्हा एकाच मेजाच्या दोन बाजूंना बसणारे दोघे दोन न्यायांत वाटले गेले, आणि जो आक्रोश झाला तो योग्यच होता; १ एप्रिल २०२५ पासून त्यांच्यासाठी किमान हमीची नवी योजनाही आली. कोटाच्या बाहेर उभे राहणे कसे असते, हे आमच्या धाकट्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे अनुभवले. तो अनुभव त्यांना फक्त जुनी पेन्शन परत मागण्याइतकाच उपयोगी पडावा, ह्याचे आम्हांस थोडे वाईट वाटते.

फ्रान्समध्ये घरकामाला दोन तासांसाठी बाई ठेवली तरी गृहस्थाला तिची मजुरी सरकारी चेकव्यवस्थेतून नोंदवावी लागते. तेवढ्याने तिच्या पेन्शनची वर्गणी भरली जाते, रजेबद्दल मजुरीच्या दहा टक्के जास्त द्यावे लागतात, आणि गृहस्थाला निम्म्या खर्चाची करसवलत मिळते. मालक, राज्य आणि बाई, तिघांचा हिशेब एका चिठ्ठीत. आपल्याकडे अशी चिठ्ठी नाही. घरकामगारांविषयीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मत दिले, सही मात्र पक्की केलेली नाही. पण काहीच नाही असेही नव्हे. असंघटित कामगारांसाठी २०१९ साली निघालेल्या श्रमयोगी मानधन योजनेत एकोणतिसाव्या वर्षी नाव घातले तर वर्गणी दरमहा शंभर रुपये पडते. तितकेच सरकार घालते, आणि साठीनंतर तीन हजारांची पेन्शन मिळते. रक्कम मोठी नव्हे. आपल्या क्वार्टरात येणारी अक्का तीन घरी काम करते असे धरले तर दर घराला तेहतीस रुपये आणि काही पैसे येतात. आठवड्याची एक सुट्टी, पगार न कापता, हा लोखंड्यांचा हिशेब वेगळा.

ह्याला कोणी उपकार म्हणतील, आणि दिवाळीच्या पातळात तो मोडतो असेही म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. पातळ आपल्या मर्जीने दिले जाते आणि मर्जीने थांबते. नाकारा ह्यांनी न्यायालयात जाऊन ज्या गोष्टीला ‘नको’ म्हटले, ती हीच मर्जी. प्रश्न इतकाच राहतो की तीन घरांपैकी पुस्तकावर सही कोणी करावयाची, आणि एका घरची बदली झाली तर त्या घरचा तिसरा हिस्सा कोणाच्या अंगावर टाकावयाचा. ह्याचेही उत्तर आमच्यापाशी तयार असते, फक्त दुसऱ्या कामासाठी. क्वार्टर सोडताना आपण नव्या माणसाला चार्ज देतो, त्या यादीत पंखे, नळ, दिव्यांच्या खुणा, खिडक्यांच्या काचा मोजून लिहिलेल्या असतात आणि दोघांच्या सह्या होतात. दूधवाल्याचे खाते, गॅसची नोंद हेही आपण तोंडी का होईना, पण आठवणीने सोपवितो. ‘अक्का, नऊ वर्षे, वर्गणी अमुक महिन्यापर्यंत भरली’ अशी ओळ त्या यादीत आम्ही अजून पाहिलेली नाही. ती लिहावयास कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही.